जुन्या महागड्या घड्याळाची किंमत टिकते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: थोड्यांची टिकते, बहुतेकांची नाही. मला घड्याळांचा नाद आहे हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुधा हॉलिवूडचा अभिनेता पॉल न्यूमन याचं रोलेक्स डेटोना असतं. 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. पण तो भाव न्यूमनच्या मनगटाचा होता.

पाटेक फिलिप या स्विस कंपनीने हेन्री ग्रेव्ह्ज या अमेरिकन धनिक संग्राहकासाठी घडवलेलं खिशातलं घड्याळ मला जास्त बोलकं वाटतं. 1999 मध्ये ते 1 कोटी 10 लाख डॉलरला विकलं गेलं, 2014 मध्ये सुमारे 2 कोटी 40 लाखांना. आकडा दुपटीच्या वर गेला खरा, पण हिशेब मांडला की वर्षाला जेमतेम पाच-सव्वापाच टक्के पडतात. शिवाय छापून येणाऱ्या रकमेत लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हाती कमीच येतं. इतक्या नावाजलेल्या घड्याळाची ही कथा, तर कपाटातल्या साध्या सोनेरी घड्याळाकडून काय अपेक्षा धरायची?

किंमत टिकते ती हात न लागलेल्या घड्याळाची. डायल मूळचं हवं, काटे मूळचे हवेत, केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडा धारदार हव्यात. हौसेने पॉलिश करून कडा गोल केलेलं, डायल नव्याने रंगवून घेतलेलं घड्याळ पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. मालकाने ते प्रेमापोटीच केलेलं असतं. 1950च्या दशकातल्या घड्याळाचे आकडे अंधारात लख्ख उजळले तर मी सावध होतो. त्या काळच्या रेडियमच्या रंगातला चमकणारा पदार्थ केव्हाच निकामी झालेला असतो, म्हणजे रंग नंतर कुणीतरी भरलाय.

जाणकारही फसतात. 2021 मध्ये जिनिव्हात एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकला गेलं. घेणारं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. 2023 मध्ये उघड झालं की ते इकडचेतिकडचे सुटे भाग जुळवून बनवलेलं होतं.

म्हणून घ्यायचंच असेल तर मूळ कागद आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या मागा, आणि मागचं झाकण उघडून मशीन दाखवायला सांगा. त्याला का-कू करणाऱ्या विक्रेत्याकडून मी घेत नाही.