तुम्ही विचारलंत म्हणून: धलसिमच का?

स्ट्रीट फायटर टू, म्हणजे मारामारीचा जुना व्हिडिओ गेम, खेळतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, त्यातला कोणता गडी घेता? आणि धलसिम, म्हणजे त्यातला भारतीय योगी, म्हटलं की त्याच्या पुढचाही ठरलेला, आपला आहे म्हणून का?

नाही हो. त्याच्यात आपलं आहे काय? 1991 साली कॅपकॉमवाल्यांनी जपानमध्ये बसून भारताचा जो अंदाज बांधला तो हा, हाडकुळं अंग, रबरासारखे लांब होणारे हात, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून जाळ आणि मागे हत्ती. कवट्या म्हणे त्याच्या गावात साथीत गेलेल्या पोरांच्या आहेत, म्हणजे गडी मुळात भला, पण मशीनसमोर उभ्या असलेल्या पोराला हे कोण सांगणार. असा हात लांब होणारा भारतीय योगी तर 70 च्या दशकातल्या हाँगकाँगच्या एका कुंगफू पिक्चरमध्ये आधीच येऊन गेलाय. एकच गोष्ट मला जाम आवडते, याच्या मुलाचं नाव दत्ता आहे. एवढ्या गोंधळात हे एक नाव इतकं नेमकं कसं बसलं देव जाणे.

मी त्याला घेतो कारण बाकीचे सगळे भिडायला धावतात आणि हा भिडूच देत नाही. समोर झँगीफ असला की खरी मजा. त्या पैलवानाचं सगळं बळ जवळ येण्यात, एकदा जवळ आला आणि स्टिक गोल फिरवून त्याने धरलं की डोक्यावरच आपटतो आणि लाईफचा मोठा तुकडा गेलाच म्हणून समजा. मग त्याला लांबूनच टोचत राहायचं, कबड्डीतल्या रेडरसारखं, हात लावला की मागे, मधेच खाली-तिरकं-पुढे करून पंचचं बटण दाबायचं की योगा फायर, म्हणजे तोंडातून आगीचा गोळा, त्यातही लाइट पंचच्या बटणाने सोडलेला हळू जातो त्यामुळे समोरच्याला उडी मारू की थांबू हेच कळत नाही, आणि झँगीफने लॅरिएट, म्हणजे हात पसरून गरागरा गिरकी, फिरवत त्यातूनच वाट काढली की आपली पळापळ.

फुकट मात्र काही नाही. लांब गेलेला हातही अंगच आहे, चुकीच्या वेळी सोडलात की मार हातावर बसतो. चालतो कासवाच्या गतीने, उडी मारली तर खाली यायचं नावच घेत नाही, तोवर समोरचा आरामात तयारी करून बसतो. याच गेमच्या 1992 च्या टर्बो आवृत्तीत गायब होऊन दुसरीकडे उगवायची सोय मिळाली तेव्हा कुठे कोपऱ्यातून सुटका व्हायला लागली. आणि 1994 च्या सुपर टर्बोमध्ये तर जाणकार त्याला वरच्या फळीत धरतात, ते काही हत्ती बघून नाही.

गेम पार्लरमध्ये याला पळपुटा म्हणायचे, समोर येऊन खेळ ना, वगैरे. म्हणणाऱ्यालाच पुढचा कॉईन टाकावा लागायचा.