टायगर मॉथला पेट्रोल इंजिन

आर्वीतल्या आमच्या दुकानात फवारणी पंप आणि ग्रासकटर दुरुस्तीला येतात. त्याच टेबलाच्या अर्ध्या भागावर सध्या सहा फुटी पंखांचं पिवळं टायगर मॉथ बसलंय, जुन्या दुपंखी विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल. दादानं पुण्यात बांधलं, हौस फिटल्यावर माझ्याकडे धाडलं.

त्यात ग्लो इंजिन होतं, ठिणगीऐवजी तापलेल्या तारेवर पेटणारं. त्याला लागतं मिथेनॉल, वर तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. आर्वीत हे कुठून आणायचं? कुरिअरवाले ज्वलनशील म्हटलं की हात झटकतात. पेट्रोल पंप मात्र जाता-येता लागतो. म्हणून 20 सीसीचं पेट्रोल इंजिन मागवलं. खोकं उघडत होते तेव्हा पंप न्यायला आलेले काका वाकून म्हणाले, "हे तं आमच्या फवाऱ्याचंच इंजन हाये ना ताई?"

खरंच आहे. तोच डायफ्रामचा कार्बोरेटर, त्यावर तेच एच आणि एल लिहिलेले, जलद आणि मंद चालीचं इंधन कमी-जास्त करणारे दोन स्क्रू, तेच टू-स्ट्रोक तेल. मी 30:1 नं मिसळते, म्हणजे लिटरला 33 मिली. ग्लोवाल्यांना हा कार्बोरेटर अवघड वाटतो म्हणे. आमच्याकडे हंगामात रोज डझनभर उघडतात.

फरक आहे तो वाऱ्याचा. ग्रासकटरचं इंजिन स्वतःचा पंखा बाळगतं, एका जागी उभं राहूनही थंड होतं. विमानाच्या इंजिनाला प्रोपेलरची आणि धावण्याची हवा, बस. त्यातून माझ्या मॉथमध्ये सिलिंडर खाली लटकलेला, वरून काऊलचं झाकण. समोर मोठं भोक पाडून भागत नाही, हवा सिलिंडरला वळसा घालून निघून जाते. म्हणून आतून बाल्साच्या पट्ट्या लावल्या, हवेला फिन्समधूनच, म्हणजे सिलिंडरवरच्या पात्यांमधूनच जावं लागेल अशा. आणि बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेच्या दुपटीहून मोठी ठेवली, कारण तापलेली हवा फुगते. 1931 साली उडालेल्या खऱ्या टायगर मॉथचं जिप्सी इंजिनही असंच उलटं आणि हवेनंच थंड होणारं. तिथेही पत्र्याचे आडोसे लावून हवा सिलिंडरांमधून आडवी काढलेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. इथे हे काम घाईत उरकायचं नाही.

दुसरी भानगड ठिणगीची. ग्लोला ठिणगी नसते, इथे इग्निशन बॉक्स आणि प्लग. ती ठिणगी रेडिओच्या कानात किरकिर करते. म्हणून इग्निशन नाकात, त्याची बॅटरी वेगळी, आणि रिसीव्हर पंखांच्या मागे, हातभर लांब. थ्रॉटलची तार काढून नायलॉनची दांडी घातली, नाहीतर ती तारच अँटेनासारखी गोंगाट मागे नेते. प्लगची टोपी घट्ट बसलीय का, हे प्रत्येक उड्डाणाआधी बोटानं दाबून पाहायचं. ट्रान्समीटरवरून ठिणगी तोडायचा स्विचही आहे. तो नसता तर मी इंजिन लावलंच नसतं.

सिलिकॉनची जुनी नळी पेट्रोलमध्ये फुगते, ती बदलली. टाकीचं बूचही पेट्रोलचं. फायरवॉलला, म्हणजे इंजिन बसतं त्या फळीला इपॉक्सी पाजलं, कारण तेल मुरलेलं प्लायवूड हळूहळू पोकळ होतं. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना लॉकटाइटचा गोंद, एकाच सिलिंडरचं इंजिन सगळंच हलवून टाकतं. नाक जड झालं म्हणून रिसीव्हरची बॅटरी शेपटीकडे सरकवली. तोल वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजून पाहिला, नकाशातल्या खुणेवर आला.

आता पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. काम झालं की टाकी रिकामी करते आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं जळेपर्यंत इंजिन चालू ठेवते. गिऱ्हाइकांनाही पंपाबद्दल हेच सांगते, ऐकत कोणी नाही.

बाबा म्हणाले, "पह्यले लाकडावर चालव, मंग इमानावर." तसंच केलं. ओंडक्यावर दोन टाक्या जाळल्या, मग गावाबाहेरच्या मुरमाड जागेवर नेलं. काळ्या वावरात भेगांमध्ये चाकं अडकतात. शेपूट खुंट्याला बांधली, चोक लावून जाड हातमोज्यानं प्रोपेलर फिरवला, पट्कन पेटलं. एकदा उडवून उतरवल्यावर एल स्क्रू किंचित सैल करावा लागला, थ्रॉटल झटक्यात दिला की दम घेत होतं.

बाबा एक डोळा मिटून वर बघत होते. "कोनाच्या वावरात पाडशीन?" म्हणाले. उतरलं तेव्हा प्लग काढून पाहिला. पिवळसर तपकिरी, हवा तसा. काऊल मात्र हाताला चटका लागेल एवढं तापलं होतं, म्हणून खालची फट अजून दोन बोटं कापणार आहे.