नाशिकचा सराफ बाजार: छोट्या सोन्याच्या खाणीचा हिशेब शिकायची जागा

नाशिकच्या जमिनीत सोन्याची खाण नाही. इथला सगळा डोंगर काळ्या बेसॉल्टचा. सोन्याच्या शिरा आहेत त्या तिकडे कर्नाटकात, हट्टी आणि कोलारच्या धारवाडी खडकांत. तरी एखाद्या छोट्या खाणीचं उत्पादन आणि ग्रेड (टनभर दगडात किती ग्रॅम सोनं) तपासायला जाणार असाल, तर आधी एक फेरी नाशिकच्या सराफ बाजारात मारा, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे सोनाराच्या केरातून सोनं काढणारे झारेकरी आहेत. खाणीत जे टनांत चालतं, ते इथे एका पोत्यात बघायला मिळतं.

रविवार कारंजापासून चालतच आत शिरा, गाडी नेण्यात अर्थ नाही. खरं काम दुकानांच्या वरच्या माडीवर चालतं. कानशीचा कीस, पॉलिशची धूळ, हात धुतलेलं पाणी, फुटकी मूस, झिजलेली चटई, यातलं काहीच टाकून देत नाहीत. पोती भरली की झारेकरी येतो आणि सौदा होतो.

या सौद्यात पहिला धडा मिळतो. माझ्यासोबत विट्याकडचे एक गलाईवाले काका होते. देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळणारी बरीच मंडळी त्याच भागातली. मी पोत्यात हात घालून मूठभर केर उचलला, तशी त्यांनी मान हलवली. "दादा, वरची मूठ कधी खरं बोलत न्हाई. सोनं तळाला बसतंय." मग सगळं पोतं ताडपत्रीवर ओतलं, फावड्याने कालवलं, ढीग केला, चपटा केला, चार वाटे पाडले. समोरासमोरचे दोन ठेवले, दोन बाजूला सारले. उरलेल्याचे पुन्हा चार वाटे. खाणीतही नमुना असाच लहान करतात. मालकाने आधीच पिशवीत भरून ठेवलेला नमुना हातात घेऊ नका. ढिगाच्या सगळ्या बाजूंनी, वरून-खालून, स्वतः उभं राहून काढा.

मग धुणं. घमेल्यात पाणी, केर आणि मनगटाचा एक संथ हेलकावा. सोन्याची घनता १९.३, वाळूची २.६५ च्या आसपास, त्यामुळे हलकं काठावरून निघून जातं. तळाशी काळपट थर राहिला. तो वाळवून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवलं, तर कानशीचं लोखंड केसांसारखं उभं राहिलं आणि खाली बारीक पिवळी कड दिसली. बघून जीव हरखतो, पण त्या कडेवरून ग्रेड ठरवू नका. डोळ्याला दिसतं ते जाड सोनं, बारीक सोनं पाण्यासोबत निघून गेलेलं असतं.

आकडा हवा तर मुशीतली परीक्षाच करावी लागते. दळलेला नमुना मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड), सोडा, टाकणखार आणि थोड्या पिठासोबत हजार अंशांच्या पुढे वितळवतात. शिशाच्या गोळीत सोनं-चांदी उतरते, मग शिसं हाडांच्या राखेच्या कपात जिरवतात आणि चांदी नत्राम्लात विरघळवतात. टनाला ३ ग्रॅम ग्रेड असेल, तर ३० ग्रॅम नमुन्यातून ०.०९ मिलिग्रॅम सोनं मिळतं. म्हणून एका नमुन्यावर विसंबू नका. त्याच ढिगाचे दोन नमुने प्रयोगशाळेत वेगळ्या क्रमांकाने द्या. सोबत साध्या बेसॉल्टच्या चुऱ्याची एक पिशवी न सांगता टाका. तिच्यात सोनं निघालं, तर प्रयोगशाळा बदला.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती मात्र धुऊन झालेली माती. झारेकरी ती वेगळी साठवतो, तपासतो आणि पुन्हा विकतो. छोट्या खाणीवर नेमकं हेच कोणी करत नाही. सगळे विचारतात, दगडात किती सोनं आहे? विचारायला हवं ते हे की निघालं किती आणि वाहून गेलं किती.

समजा, दिवसाला १० टन दगड ५ ग्रॅमचा. म्हणजे आत ५० ग्रॅम सोनं गेलं. हाती ४० ग्रॅमची लगड आली, पण तिचा टंच, म्हणजे शंभरातली शुद्धता, ७५. म्हणजे शुद्ध सोनं ३० ग्रॅमच. बाकीचं २० ग्रॅम टाकाऊ मातीत दिसायला हवं, टनाला साधारण २ ग्रॅम. तिथे अर्धाच ग्रॅम निघाला, तर कुठेतरी पाणी मुरतंय. ग्रेड फुगवलेली असेल, दगड ओला तोलला असेल (१० टक्के ओल म्हणजे १० टनांचे ९ टनच), सोनं यंत्राच्या फटींत अडकलं असेल किंवा कुणाच्या खिशात गेलं असेल. हा ताळा जुळेपर्यंत पैसे गुंतवू नका, कोणी कितीही घाई करो.

खाणीवर सोनं धरायला कोणी पारा वापरताना दिसला, तर तिथून दूर व्हा. पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण मेंदू आणि मूत्रपिंडावर जाते आणि भट्टीजवळ बहुधा पोरंही खेळत असतात. सोन्याच्या छोट्या खाणी हा माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्याचा जगातला सर्वात मोठा स्रोत आहे. शिशाचा धूर आणि नत्राम्लाची तपकिरी वाफही तितकीच वाईट, भट्टीशी जायचं तर वारा आपल्या पाठीवर येईल असे उभे राहा.

जाताना ओळखीचा सराफ सोबत घ्या, नाहीतर माडीवर कोणी चढू देणार नाही. फोटो विचारून काढा आणि कोणाच्या पोत्यात किती निघालं हे शेजारच्या दुकानात बोलू नका. भर पावसाळ्यात बेत टाळा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी या भागात शिरते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच झालं. दिवाळीनंतर, लग्नसराईची कामं जोरात असताना गेलात, तर केरही भरपूर असतो आणि धुणंही रोज बघायला मिळतं.