गाठी घासलेला कामठा

महाशिवरात्रीची यात्रा जवळ आली की शाळेच्या वऱ्हांड्यात कोणीतरी येऊन विचारतंच, "गुरुजी, तीरकामठा घ्यायचाय. देखणा घेऊ का चालणारा?" 2023 साली नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेता झाला, तेव्हापासून विचारणारे वाढलेत. त्याचं धनुष्य कंपाउंड, चाकांचं. आमच्या गडचिरोलीकडचा कामठा बांबूचा, मुळात पारधीसाठी घडलेला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं पारध बंद झाली, कामठ्याची घडण मात्र तीच राहिली. मी तणसाच्या पेंढीवर तीर मारतो. माझी शिकार तेवढीच.

तुम्ही विचारलंत म्हणून आधी माझी फजिती सांगतो. वर्ध्याहून बदली होऊन इकडे आलो त्याच वर्षी यात्रेत 1400 रुपये मोजून कामठा घेतला. व्हार्निशनं चकाकणारा, टोकांना पितळी तार, मुठीला लाल मखमल. बाहेरच्या बाजूनं हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. मोठ्या ऐटीत शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना दाखवायला नेला. त्यांनी पितळेकडे बघितलंही नाही. सालीच्या बाजूनं अंगठा फिरवत फिरवत टोकापर्यंत गेले आणि म्हणाले, "याच्या गाठी कुठं गेल्या, गुरुजी?"

"घासून काढल्यात. हाताला लागत नाहीत."

"मंग मोडते हा."

तिसऱ्या आठवड्यात मोडला. दोरी कानापर्यंत ओढली, कट्ट आवाज झाला आणि चीप डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर गालात घुसली. मोडला नेमका घासलेल्या गाठीवर.

कारण पुढं आजोबांनीच एक कांब मधोमध चिरून दाखवलं. बांबूचे धागे सालीकडे दाट असतात, आत विरळ होत जातात. कामठा वाकतो तेव्हा सालीची बाजू बाहेर असते आणि सगळा ताण तिच्यावर येतो. गाठीपाशी हेच धागे थोडे उचलून पुढं जातात, म्हणून ती फुगीर दिसते. तो फुगवटा सपाट केला की धागे तिथंच कापले जातात. माझ्या कामठ्याचं देखणेपण त्याच्या कण्यावर सुरी फिरवून आलं होतं.

आजोबांचा स्वतःचा कामठा बघाल तर दोनशे रुपयेही देणार नाही. चुलीवरच्या धुरानं काळा पडलेला, गाठी म्हाताऱ्या बोटांच्या पेरांसारख्या वर आलेल्या. बांबू थंडीत तोडायचा आणि चुलीच्या वर टांगून ठेवायचा. धुरात घुण लागत नाही. दोरीसुद्धा सुताची नाही, बांबूच्याच सालीची चिवट पट्टी. कामठ्याला ते गोंडीत 'विल' म्हणतात. (खाली सिरोंचाकडे तेलुगूत 'विल्लू' ऐकलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला होता.) पण तो ओढला की दोन्ही बाजू अशा सारख्या वाकतात की बघत राहावं.

म्हणून दुकानात टांगलेला कामठा बघून भुलू नका. दोरी चढवायला लावा, दुसऱ्याला हळूहळू ओढायला सांगा आणि दहा पावलं लांब उभे राहा. एक बाजू काठीसारखी ताठ आणि दुसरी विळ्यासारखी वाकलेली दिसली तर सरळ पुढच्या दुकानात जा. आणि रिकामी दोरी ओढून सोडू नका, सगळा झटका कांबीतच जिरतो. पोट्टे आणखी एक करतात, सगळ्यात जड कामठा मागतात. हाही दिखाऊपणाच. दहाव्या तीराला हात थरथरतो. इंडियन राउंडला, म्हणजे बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्याच्या स्पर्धेत, 30 आणि 50 मीटरवर मारायचं असतं. शिकणाऱ्याला दोरी ओढताना वीस-पंचवीस पौंडांचा जोर लागेल असा कामठा पुष्कळ झाला.

एवढं सगळं होऊनही देखणेपणावर माझा राग नाही. आजोबांकडून कामठा करून घेतला तेव्हा मुठीच्या वर-खाली दोऱ्याचे वेढे देऊन लाल लाख लावून द्या म्हणालो. ते हसले, पण दिली लावून. त्या दोन लाल पट्ट्यांपायी मी रोज संध्याकाळी तो खुंटीवरून काढतो. त्याआधी मागून आणलेला साधा कामठा तीन महिने घरात होता, आठवड्यातून एकदा हातात घेतला असेल. वेढ्यांनी कांबीचं काही बिघडत नाही. आता कामठा बघताना मी एवढंच तपासतो, शोभेसाठी वरून काही चढवलंय की अंगातलं काही काढलंय. भिंतीवर लावायला हवा असेल तर खुशाल चकचकीत घ्या, फक्त पोरांच्या हाती देऊ नका.

मागच्या यात्रेत एका दुकानदाराला म्हटलं, गाठीवाला दाखवा. त्यानं पोत्याखालून एक खरबरीत कामठा ओढून काढला आणि ओशाळून म्हणाला, "हा अजून तयार नाही झाला सर, घासून पॉलिश करायचाय." चारशे रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि घासायच्या आत उचलून आणला.