आधी ऑर्बिट, मग थिअरम: डायनॅमिकल सिस्टिम्सवर टॉक देताना

पन्नास मिनिटांच्या टॉकमध्ये वक्त्याच्या हाती जेमतेम पंचेचाळीस मिनिटं लागतात. ओळख, प्रोजेक्टरची केबल, शेवटचे प्रश्न यांत बाकीची जातात. डायनॅमिकल सिस्टिम्सचे, म्हणजे एकच नियम पुन्हा पुन्हा लावला की बिंदू कुठे कुठे जातो हे बघणाऱ्या विषयाचे, बरेच वक्ते त्या पंचेचाळीसातली पहिली वीस मिनिटं व्याख्यांवर उधळतात: मेजर (measure, म्हणजे संचाचं माप) आणि मेजर स्पेस, इन्व्हेरियंट मेजर, एर्गोडिक, मिक्सिंग, एन्ट्रॉपी. वीस मिनिटं झाली तरी एकही बिंदू जागचा हललेला नसतो. विषय गतीचा आणि फळ्यावर सगळं ठप्प, हा प्रकार थांबवायला माझ्या मते एकच नियम पुरेसा आहे. पहिल्या पाच मिनिटांत एक बिंदू घ्या, खऱ्या आकड्यांनिशी तो फळ्यावर किमान पाच वेळा हलवा, आणि ती ओळ टॉक संपेपर्यंत पुसू नका.

श्रोते बीएस्सी-एमएस्सीचे असतील तर सुरुवातीला कापरेकरांचा ६१७४ चालतो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे गाडी तिथेच थांबली. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. ऑर्बिट (बिंदूची वाट), फिक्स्ड पॉइंट (जागचा न हलणारा बिंदू), बेसिन (त्याच्याकडे ओढले जाणारे सगळे बिंदू) हे तीन शब्द एका वजाबाकीत सांगून होतात. दोन अंकी संख्यांवर हाच खेळ केला की ९ (म्हणजे ०९), ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं पाचाचं चक्र मिळतं, म्हणजे पिरियॉडिक, फिरून तिथेच येणारं ऑर्बिटही आलं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला होता, हे महाराष्ट्रातल्या वर्गात सांगायला हरकत नाही.

पण इथे तीन मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. संख्याच मोजक्या, त्यामुळे प्रत्येक ऑर्बिट कधी ना कधी चक्रात पडणारच. केऑस (नियम ठरलेला असूनही अंदाज न बांधता येणारी गती), मेजर, एन्ट्रॉपी (गुंतागुंत किती वेगाने वाढते त्याचं माप) यांतलं काहीच या उदाहरणातून निघत नाही. उदाहरण आवडतं म्हणून ते ताणलं की पुढचा खरा विषय मागे पडतो.

खरं काम करतो तो डबलिंग मॅप. मॅप म्हणजे बिंदू हलवण्याचा नियम. ० ते १ मधला आकडा घ्या, दुप्पट करा, १ किंवा जास्त झाला तर १ वजा करा. ०.१ पासून निघालं की ०.२, ०.४, ०.८, ०.६ आणि परत ०.२. पहिला बिंदू चक्राबाहेरचा, नंतर चाराचं चक्र. लगेच खाली दुसरी ओळ: १/७, २/७, ४/७, १/७. आणि तिसरी: ३/७, ६/७, ५/७, ३/७. आता विचारा की तीन पावलांत स्वतःकडे परतणारे बिंदू एकूण किती? ० धरून सात, आणि ० सोडून ते सगळे फळ्यावर आहेतच. चार पावलांना पंधरा, दहा पावलांना १०२३, सर्वसाधारणपणे न इतक्या पावलांना २चा न-वा घात वजा १. ही संख्या दर पावलाला जवळजवळ दुप्पट होते आणि या मॅपची एन्ट्रॉपी लॉग २ आहे, एवढं वाक्य बोललात की एन्ट्रॉपीची व्याख्या न देताही ती कशाशी निगडित आहे ते समोरच्याला कळतं. व्याख्या हवी असणारा नंतर विचारतो.

बायनरीत लिहिलं तर डबलिंग म्हणजे पॉइंटनंतरचा पहिला अंक खोडणं, बस्स. हे फळ्यावर डस्टरने खरोखर पुसून दाखवा. ०.०११०१... मधला पहिला शून्य पुसला, उरलं ते पुढचं पाऊल. सेन्सिटिव्ह डिपेंडन्स, म्हणजे सुरुवातीच्या बारीक फरकाने पुढे वाटा वेगळ्या होणं, हाही इथेच दिसतो. दोन संख्यांचे पहिले तीस अंक सारखे असतील तर तीस पावलं दोघी हातात हात घालून चालतात आणि एकतिसाव्या अंकात फरक असला की वाटा फुटतात.

आता लॅपटॉप उघडायचा मोह होतो, आणि इथेच बहुतेकांची फजिती होते. साध्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये ०.१ पासून डबलिंग मॅप चालवला की चाराचं चक्र काही काळ दिसतं, मग आकडे बिघडत जातात आणि ५५व्या पावलाला पडद्यावर चक्क ० येतो. तो पुढे ०च राहतो. कोणताही सुरुवातीचा आकडा घ्या, साधारण पन्नास-साठ पावलांत हेच होतं. कोडमध्ये चूक नसते. डबल प्रिसिजनमध्ये संख्येचे ५३ बायनरी अंक साठवलेले असतात आणि मॅप दर पावलाला त्यातला एक खोडतो. अंक संपले की उरतं शून्य. टेंट मॅपचीही (ज्याचा आलेख तंबूसारखा दिसतो) हीच गत. काही जण २च्या जागी १.९९९९९९ ने गुणून वेळ मारून नेतात, पण मग तुम्ही गुपचूप वेगळाच मॅप दाखवताय, आणि तिसऱ्या रांगेतला कोणीतरी ते पकडतो. सरळ उपाय असा: छेद मोठा विषम ठेवा, समजा १०००००३, आणि फक्त अंशाची पूर्णांकात दुप्पट करून छेदाने भागलेली बाकी घेत राहा. यात चूक साचतच नाही. खरं तर हा अपघातच मुद्दाम दाखवावा. पडद्यावर शून्य आणि शेजारी फळ्यावर ०.२, ०.४, ०.८, ०.६ हे दृश्य कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवतं.

लॉजिस्टिक मॅप, म्हणजे ४ गुणिले क्ष गुणिले (१ − क्ष), असा अचानक कोसळत नाही, पण त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यालाही मर्यादा आहे. दोन बिंदूंमधलं अंतर सरासरीने दर पावलाला दुप्पट होतं. सुरुवातीचा फरक दहाव्या दशांश स्थानी असेल तर तेहेतीसेक पावलांनी दोन्ही ऑर्बिट एकमेकांना ओळखही देत नाहीत. हे ग्राफने दाखवलं तर रंगीत रेघांचा गुंता होतो. त्यापेक्षा चार ओळींचा तक्ता द्या: पाऊल ०, १०, २०, ३० आणि समोर फरक. तो प्रत्येक ओळीत साधारण हजार पट वाढताना डोळ्यांना दिसतो.

बायफर्केशनचं ते प्रसिद्ध चित्र मात्र सांभाळून. लॉजिस्टिक मॅपमधल्या ४ च्या जागी बदलता आकडा, म्हणजे पॅरामीटर, ठेवला की तो वाढवताना चक्राची लांबी कुठे कुठे दुप्पट होते, म्हणजे फूट पडते, ते यात दिसतं. पोस्टरपासून टी-शर्टपर्यंत सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं आणि प्रोजेक्टरवर त्याचा राखाडी ढग होतो. दाखवायचंच असेल तर आकडे लिहा: पहिली फूट ३ ला, दुसरी १ + √६ म्हणजे ३.४४९५ ला, तिसरी ३.५४४१ ला, चौथी ३.५६४४ ला. लागोपाठच्या अंतरांची गुणोत्तरं ४.७५, ४.६६ अशी येतात आणि फायगेनबाउमच्या ४.६६९ या स्थिरांकाकडे कशी सरकतात ते श्रोते स्वतः भागाकार करून बघतात.

याच घराण्यात आणखी एक खड्डा आहे. ली आणि यॉर्क यांचा १९७५चा निकाल सांगायचा, की तीनाचं चक्र असेल तर केऑस असतोच. मग उत्साहाने ३.८३ हे पॅरामीटर टाकून पडद्यावर ऑर्बिट काढायचं. पडद्यावर काय येतं? ०.१५६, ०.५०५, ०.९५७ हे तीन ठिपके, बाकी शुकशुकाट. श्रोत्यांना वाटतं वक्ता चुकला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. केऑटिक बिंदूंचा संच तिथे आहे, पण त्याची लांबी शून्य, त्यामुळे यदृच्छेने निवडलेला बिंदू त्या तीन ठिपक्यांकडेच ओढला जातो. हे आधी बोला, मग चित्र लावा. आणि शार्कोव्स्कीचं १९६४चं काम (तीनाचं चक्र असेल तर प्रत्येक लांबीचं चक्र असतं) त्याच वाक्यात सांगून टाका, नाहीतर ते सांगायला श्रोत्यांतून हात वर येणारच.

यातूनच सगळ्यात महत्त्वाची सावधगिरी येते: “जवळजवळ सगळे बिंदू” म्हणजे नेमके कोणते? मेजरवाले (लांबीने मोजणारे) आणि टोपॉलॉजीवाले (जवळीक आणि सलगतेच्या भाषेत बोलणारे) एकाच खोलीत बसलेले असतात आणि “टिपिकल” हा शब्द दोघे उलट अर्थाने ऐकतात. डबलिंग मॅपमध्ये बर्कहॉफच्या १९३१च्या थिअरमनुसार लांबीच्या हिशेबाने जवळजवळ प्रत्येक बिंदू निम्मा वेळ डाव्या अर्ध्यात असतो. फळ्यावरचा १/७ तसा नाही, तो तीनपैकी दोन वेळा डावीकडे असतो. हा अपवाद बोटाने दाखवा. आता दुसरा बिंदू बनवा: बायनरीत एकदा ०, मग दहा वेळा १, मग शंभर वेळा ०, मग हजार वेळा १, असंच पुढे. शंभर शून्यं संपतात तेव्हा डावीकडे घालवलेला वेळ ९१ टक्के, हजार वेळचे १ संपतात तेव्हा ९ टक्के. सरासरी हेलकावे खात राहते, कुठेच स्थिरावत नाही. बेअरच्या, म्हणजे टोपॉलॉजीतल्या अर्थाने “जनरिक” बिंदू याच्यासारखेच बेभरवशाचे असतात, लांबीच्या अर्थाने मात्र ते नगण्य. टॉकमध्ये “टिपिकल” म्हणण्याआधी कोणत्या अर्थाने ते एकदा सांगितलंत की प्रश्नोत्तरांतली पाच मिनिटं वाचतात.

होमोजिनियस डायनॅमिक्सवर, म्हणजे लाय ग्रुपपासून (सलग सममितींच्या संचांपासून) बनलेल्या जागांवरच्या गतीवर, बोलणाऱ्यांचं दुखणं वेगळं. लाय ग्रुप, लॅटिस, युनिपोटंट यांची ओळख करून देता देता अर्धा तास जातो. मुंबईत या विषयाचं घर कुलाब्याला, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये. एम. एस. रघुनाथन यांचं अशा ऑर्बिटांविषयीचं कन्जेक्चर (सिद्ध न झालेलं अनुमान) एस. जी. दाणी यांच्या १९८१च्या पेपरातून छापून आलं, मार्गुलिसने १९८७ मध्ये त्याच वाटेने ऑपेनहाइमचं पूर्णांकांविषयीचं १९२९चं कन्जेक्चर सोडवलं आणि पुढे मरीना रॅटनरने मूळ कन्जेक्चर पूर्ण सिद्ध केलं. एवढा इतिहास एका मिनिटात आटपा आणि दाणींच्या १९८५च्या पेपरातली एक गोष्ट आकड्यांनी करून दाखवा. तिला ग्रुपची भाषा लागतच नाही.

प्रतलावर बिंदूंची जाळी घ्या. तिचा प्रत्येक व्हेक्टर असा: आडवा घटक (क × अल्फा − प), उभा घटक क, इथे प आणि क पूर्णांक. आता आडवं ताणा, तेवढंच उभं दाबा, असं करत राहा. प्रश्न एकच, जाळीतला सगळ्यात आखूड व्हेक्टर किती आखूड होतो? अल्फा म्हणून π (पाय) घ्या, क = ११३, प = ३५५. आडवा घटक सुमारे ०.००००३०१, उभा ११३. आडवं १९३६ पट ताणलं आणि उभं तेवढंच दाबलं की दोन्ही घटक सारखे होतात, ०.०५८ च्या आसपास, आणि व्हेक्टरची लांबी ०.०८ इतकीच उरते. जाळी त्या क्षणी कमालीची चपटी झालेली असते. कस्पमध्ये, म्हणजे जाळ्यांच्या जागेच्या अनंतापर्यंत निमुळत्या होत जाणाऱ्या टोकात, खोल जाणं म्हणतात ते हेच. अल्फा म्हणून गोल्डन रेशो, १.६१८०३४, घ्या: कितीही ताणा, आखूड व्हेक्टर ०.८७ च्या खाली जात नाही. ऑर्बिट मर्यादित भागातच फिरत राहतं. अपूर्णांकांनी नीट पकडता न येणारी संख्या आणि पळून न जाणारं ऑर्बिट या एकाच गोष्टीच्या दोन बाजू, हा दाणींचा निकाल आता एका ओळीत लिहा. अल्फा परिमेय असेल तर काय, हा प्रश्न श्रोत्यांवर सोडा. उत्तर कोणीतरी देतोच: ऑर्बिट कस्पमध्ये जातं ते परतच येत नाही.

फळा की स्लाइड? हातात तीन फळे असतील तर डावीकडचा ऑर्बिटसाठी राखून ठेवा, मधला थिअरमसाठी, उजवा खाडाखोडीला. स्लाइडच असतील तर पंचवीसच्या वर नकोत, आणि मॅपची व्याख्या प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात छोटी ठेवा, कारण दहाव्या मिनिटाला गळालेला माणूस तिच्याच आधाराने परत येतो. पूर्ण प्रूफ देऊ नका. प्रूफमधली एक पायरी, तीही फळ्यावरच्या ऑर्बिटवर लावून, खूप झाली.

टॉकचं शीर्षक वेळेवर पाठवा. १९७२च्या डिसेंबरमधल्या एका अधिवेशनासाठी हवामानशास्त्रज्ञ लॉरेंझने शीर्षक वेळेत दिलं नाही, म्हणून संयोजक मेरिलीज यांनीच लिहून टाकलं: ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख फडफडवले तर टेक्ससमध्ये टॉर्नेडो येतो का? लॉरेंझचं मूळ निरीक्षण असं होतं की संगणकावरच्या हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाइप केलं तर पुढचं सगळं उत्तरच बदलतं, आणि ते फुलपाखराहून कितीतरी स्पष्ट आहे. टॉकमध्ये हे दोन आकडे लिहा, फुलपाखरू चहाच्या वेळेसाठी ठेवा.

वेळ कमी पडायला लागला, आणि तो पडतोच, तर सर्वात आधी जनरलायझेशन गाळा, मग इतिहास, मग प्रूफची ती एक पायरीसुद्धा. डावीकडच्या फळ्यावरची ओळ तेवढी राहू द्या. प्रश्न विचारणारे तिच्याकडेच बोट दाखवून विचारतात.