तुझ्यासारखा नाही

राजमहेंद्री, रविवार, रात्रीचे नऊ

गेल्या सोमवारी आजीशी बोलताना मी चार शब्द बोललो आणि ते शब्द आठवडाभर माझ्या मागे लागले आहेत. तिने आपला कप फोनसमोर धरला होता, वाफेमुळे तिचा चेहरा क्षणभर धूसर झाला, आणि तिने विचारले, "तिकडे असा चहा मिळतो का रे?" मी म्हणालो, "मिळतो, पण तुझ्यासारखा नाही." ती इतकी खूश झाली की तिने लगेच आईला हाक मारून ते वाक्य जसेच्या तसे ऐकवले. आई फोनवर दिसत नव्हती. ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. बहुधा ती काहीच म्हणाली नसावी. बाबा याही वेळी फोनवर आले नाहीत, पण तो विषय आजचा नाही.

चार वर्षे झाली, मी चहा प्यायलेलो नाही. लॅटर-डे सेंट्सच्या, म्हणजे लोक मॉर्मन म्हणतात त्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी तो सुटला, कारण आमच्यात चहा-कॉफी चालत नाही, आणि परत कधी घ्यावासाही वाटला नाही. आईला हे ठाऊक आहे, कारण तिने माझ्याबरोबरच सोडला. आजीला आम्ही सांगितले नाही. आम्ही रविवारी कुठे जातो, मी दोन वर्षे घर सोडून मिशनवर कशासाठी आलो आहे, हे सगळे तिला सांगून झाले आहे आणि तिने ते तिच्या पद्धतीने पोटात घातले आहे. राहिला तो फक्त चहा. एवढ्या मोठ्या गोष्टी सांगून झाल्यावर एवढीशी गोष्ट सांगायची राहून जावी, हे मलाच समजत नाही.

मी नुसते "हो" म्हणालो असतो तर कदाचित एवढे लागले नसते. घाईत माणूस काहीही बोलून जातो. पण मी "तुझ्यासारखा नाही" हे पुढे जोडले. ते जोडताना मला माहीत होते की तिला ते गोड लागेल. खोटे बोललो, आणि ते खोटे तिला आवडावे अशी काळजीही घेतली. वही उघडली की मी पुन्हा पुन्हा तिथेच येतो.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. मिशनवर निघण्याआधी पंचवटीत तिचा निरोप घ्यायला गेलो होतो. तिने कुंडीतल्या गवती चहाची पात कात्रीने कापली, दोन बोटांनी मुडपून पातेल्यात टाकली, आले ठेचले, आणि कप माझ्या हातात देऊन ती खारी आणायला आत गेली. तेवढ्यात मी चहा मोरीत ओतला आणि वर तांब्याभर पाणी सोडले. परत आल्यावर रिकामा कप पाहून ती म्हणाली, "अजून घेतोस?" तिचा तो चेहरा मला विसरता येत नाही. मोरीच्या जाळीवर अडकलेली गवती चहाची एक पातही विसरता येत नाही. ती तिला दिसेल म्हणून मी ती उचलून खिशात टाकली होती.

या आठवड्यात मला स्वतःची फार कीव आली, हे इथे लिहून ठेवतो. चौदा महिने झाले, दहा उरले आहेत. सोमवारी पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी घासताना एकाएकी रडू आले. आतेबहिणीचे लग्न झाले, मी नव्हतो. कुणाच्या तरी पत्राची वाट पाहणे मी सोडले आहे, आणि त्याबद्दल या वहीत लिहायचे नाही असे ठरवले आहे. आम्हाला घरी बोलायला आठवड्यातला एक दिवस मिळतो. २०१९ पर्यंत तर मिशनरींना घरी फोन करता येई तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. एरवी पत्रे नाहीतर ई-मेल. मला उलट त्यांचा हेवा वाटला. पत्रात लिहिलेले खोटे पोस्टात टाकण्याआधी फाडता तरी येते. एवढ्या लांबून, एवढ्या थोड्या वेळात, समोर म्हातारी आजी असताना मी दुसरे काय म्हणणार होतो, अशी समजूत मी मंगळवारपर्यंत स्वतःला घालत होतो.

मंगळवारपासून आम्ही कोटिलिंगाल घाटाच्या मागच्या गल्लीत एका अम्मगारूंचे (इकडे बाईंना मानाने असेच म्हणतात) घर चुन्याने रंगवून देत होतो. संक्रांत आठवड्यावर आली आहे आणि इकडे संक्रांतीच्या आधी घर पांढरे झालेच पाहिजे. त्या एकट्याच राहतात, मंडळीत येत नाहीत. मंडळीतल्या एका बहिणीच्या शेजारीण आहेत, एवढेच. आदल्या संध्याकाळी पिंपात कळीचा चुना विरवून ठेवला होता. पाणी पडताच तो सुस्कारे टाकत उकळू लागला, तशा अम्मगारू आम्हाला हाताने मागे सारत राहिल्या. सकाळी निवळलेला चुना जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घातली, आणि खरवडलेल्या भिंतीवर पहिला हात मारला. ओला चुना लावताना काहीच दिसत नाही, भिंत नुसती ओली वाटते. तास दीड तासाने वाळत जाईल तशी ती पांढरी होते. मला ते बघत बसावेसे वाटत होते.

अकराच्या सुमारास अम्मगारू स्टीलच्या दोन पेल्यांतून कॉफी घेऊन आल्या. मी शिडीवरून खाली उतरलो आणि म्हणालो, "वद्दु अम्मा, नेनु काफी तागनु." नको अम्मा, मी कॉफी पीत नाही. त्यांनी विचारले, "टी?" मी म्हणालो, "टी कूडा तागनु." त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मज्जिग तागुतावा?" आणि मी मान हलवताच आत जाऊन ताक घेऊन आल्या. त्यात आले, कढीपत्ता आणि मीठ होते. का पीत नाहीस, असे त्यांनी विचारले नाही. पाचही दिवस त्या आमच्यासाठी ताकच आणत राहिल्या.

पहिल्या दिवशी ते ताक पिताना मला लाज वाटली. ज्यांना मी सकाळी दुसऱ्यांदाच भेटलो होतो त्यांना मी दोन वाक्यांत खरे सांगून टाकले होते. आजीला मी जन्मापासून ओळखतो आणि तिच्याशी तिच्याच भाषेत बोलतो. मग मला वाटले की भाषेचाही यात काही भाग असावा. माझी तेलुगू पाच महिन्यांची आहे. तिच्यात पितो आणि पीत नाही एवढेच मला म्हणता येते. मन राखायला जे मधले शब्द लागतात ते अजून माझ्याकडे आलेले नाहीत. मराठीत ते सगळे शब्द माझ्याकडे आहेत, आणि ते मला आजीनेच शिकवले आहेत.

बुधवारी मागची भिंत खरवडत असताना माझ्या कंपॅनियनने, म्हणजे मिशनवरच्या जोडीदाराने, विचारले, "सोमवारी आजी चायबद्दल काय विचारत होत्या?" तो हैदराबादचा आहे, त्याला मराठी येत नाही, पण आम्ही एकमेकांच्या दृष्टीआड होत नाही, त्यामुळे माझा प्रत्येक फोन त्याच्या कानावर पडतोच. मी म्हणालो, "काही नाही, असेच." म्हणजे पुन्हा तेच. रात्री दिवा मालवण्याआधी मी त्याला सगळे सांगितले, मोरीपासून. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने त्याच्या वडिलांबद्दल एक गोष्ट सांगितली, जी माझी नसल्यामुळे मी इथे लिहीत नाही. त्यानंतर आम्ही गुडघे टेकून प्रार्थना केली आणि झोपलो. मला झोप लागली.

गुरुवारी सकाळच्या अभ्यासाच्या वेळी मला धर्मराजू दांपत्याची आठवण झाली. एडविन आणि एल्सी धर्मराजू सामोआत असताना आमच्या चर्चमध्ये आले आणि १९७८ मध्ये हैदराबादला परतले ते आपल्याच नातलगांना सांगायला. त्या भेटीत त्यांच्या कुटुंबातल्या २२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्याआधी १८५२ साली ह्यू फिंडले मुंबईत उतरले होते आणि पुण्यात त्यांनी एक छोटी शाखा उभी केली होती. म्हणजे माझी भाषा ज्या रस्त्यांवर कानावर पडते त्या रस्त्यांवरून एक मिशनरी पावणेदोनशे वर्षांपूर्वी चालून गेला. पुण्याचा म्हणून मला फिंडले नेहमी जवळचे वाटत आले आहेत. पण या आठवड्यात मी विचार करत राहिलो तो धर्मराजूंचा. परक्यांपुढे उभे राहण्याचे बळ मला प्रार्थनेत मागून मिळाले आहे. ते दोघे मात्र आपल्या माणसांच्या उंबरठ्यावर उभे राहिले, जिथे कुणी आपल्याला लहानपणापासून अमुक आवडते म्हणून ओळखत असते. तिथे पहिले वाक्य कोणते बोलले असतील? आजी ज्याला ओळखते त्या मुलाला तिचा चहा आवडतो. त्या मुलाला मी तिच्यापासून काढून घेतो आहे असे मला वाटत राहिले, आणि म्हणून मी तो तिच्याकडे तसाच राहू दिला. हे कारण खरे आहे. पण त्याने माझे चार शब्द खरे होत नाहीत.

शनिवारी काम संपले. संध्याकाळी घाटावर जाऊन बसलो. नाशिकला जी नदी आजीने मला बोट धरून दाखवली, तीच इथे येईपर्यंत एवढी रुंद झालेली असते की पलीकडच्या काठावरची माणसे दिसत नाहीत, आणि पुलावरून गाडी जायला लागली की ती संपतच नाही. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर आजीने माझे डोके तिच्या पदराने खसाखसा पुसले होते. त्याच वर्षी इथे याच घाटांवर पुष्करम्, म्हणजे इकडचा नदीस्नानाचा मेळा, झाला होता, गुरू सिंह राशीत आला की दोन्हीकडे एकाच नदीवर गर्दी लोटते, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली होती, "मग तू माझ्याच गोदेवर आहेस की." तेव्हापासून ती दर सोमवारी आधी नदीची चौकशी करते आणि मग माझी.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमचा उपवास. योगायोगाने आज एकादशीही होती. तिच्या उपवासाला चहा चालतो, किंबहुना तिची एकादशी चहावरच निघते. आमच्या उपवासात पाणीही नसते. दुपारी डोके दुखायला लागले तेव्हा वाटले की आत्ता तीही साबुदाणा भिजवून बसली असेल, आणि आज आम्ही दोघेही उपाशी आहोत हे तिला ठाऊक नाही. तिला ते आवडले असते. हेही मी सांगितलेले नाही.

सकाळी प्रभुभोजनाच्या वेळी पाण्यावरची प्रार्थना माझ्याकडे होती. तेलुगू लिपी मला अजून अडखळतच वाचता येते, म्हणून ती प्रार्थना मी कार्डावर देवनागरीत उतरवून घेतली आहे. तिच्यात एक शब्दही इकडचा तिकडे चालत नाही. अर्ध्यावर मी एक शब्द चुकलो. सभा चालवणाऱ्या बंधूंनी नुसती हलकेच मान हलवली, आणि मी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. कुणी वर पाहिले नाही. पुढच्या बाकावरचे एक लहान मूल तेवढे डोळे उघडे ठेवून बघत होते. दुसऱ्यांदा प्रार्थना नीट झाली आणि पाणी सगळ्यांपर्यंत गेले. जागेवर येऊन बसल्यावर माझ्या छातीवरचे काहीतरी उतरले. साक्ष द्यायला मी आज उभा राहिलो नाही. मला जे बोलायचे होते ते त्या खोलीतल्या कुणाशी बोलायचे नव्हते.

आता सव्वादहा होत आले आहेत, साडेदहाला दिवा मालवायचा आहे. काय खावे-प्यावे हे सांगणाऱ्या, आमच्या चर्चला १८३३ साली मिळालेल्या वचनात गरम पेये असा शब्द आहे आणि तो चहा-कॉफीसाठी आहे. गवती चहा त्यात येत नाही, ते गवत आहे. लहानपणी ताप आला की आजी पूड न घालता गवती चहा, आले आणि गूळ उकळून काढा द्यायची, आणि तिची बोटे त्या वासाची असायची. तो काढा मी आजही घेईन आणि तो खरोखरच दुसऱ्या कुणाला तिच्यासारखा जमणार नाही. पण उद्या त्यापासून सुरुवात केली तर मी पुन्हा गोड बोलायला लागेन, म्हणून ते शेवटी.

चुन्याने माझी बोटे फाटली आहेत. नखांच्या कडांना अजून पांढरे आहे, साबणाने गेले नाही, खोबरेल लावून ठेवले आहे. उद्या फोन लागला की आजीला आधी तेच दिसेल. ती विचारेल, "हाताला काय झालं रे?" मग मी तिला अम्मगारूंच्या घराचे सांगेन, विरणाऱ्या चुन्याचे सांगेन, शिडीचे सांगेन, आणि अकराच्या सुमारास त्या स्टीलचे दोन पेले घेऊन बाहेर आल्या तिथपर्यंत येईन.