थिबाराजाचा खडा

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, खडे तपासायला बसून बावीस वर्षं झाली. लाल खडा घेऊन येणारा प्रत्येक जण 'बर्मा', म्हणजे ब्रह्मदेशचं माणिक, म्हणूनच येतो, कारण विकणाऱ्यानं तसंच सांगितलेलं असतं. काच भरलेला माल 'बर्मा' म्हणून गळ्यात मारणारे आमच्यातच बसलेत. त्यामुळं परवा रत्नागिरीकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या आणि "थिबाराजाचा खडा हो" म्हणाल्या, तेव्हा मी मान वर न करता म्हटलं, तासाभरानं या.

त्या हलल्या नाहीत. आजेसासऱ्यांनी दलालाकडून घेतलेली अंगठी. नातवाच्या फीसाठी विकायची होती.

गोष्ट अशक्य नव्हती. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेहून उचललं, १ जानेवारी १८८६ ला त्याचं राज्य खालसा केलं आणि एप्रिलमध्ये राजा रत्नागिरीत आणून ठेवला. डिसेंबर १९१६ मध्ये तिथंच गेला. पेन्शन पुरेना म्हणून दागिने विकत होता, हेही खरं.

बंद कोंदण, म्हणून आजींना विचारून खडा काढला. मागं डांक, म्हणजे खडा खुलावा म्हणून खाली घालतात तो चमकता पातळ पत्रा, काळी पडलेली, लाखेसकट जागची. कोंदणाला आधी कुणाचा हात लागल्याची खूण नव्हती. खड्यात उजेड किती वाकतो ते मोजणाऱ्या रेफ्रॅक्टोमीटरवर १.७६ ते १.७७, माणकाचाच आकडा. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निखाऱ्यासारखा लाल. खरं सांगतो, छाती धडधडली.

पण या दोन्ही खुणा बनावट माणिकही देतं. खरा निकाल पोटात असतो. ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खाणीतल्या खड्यात रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया दिसतात, त्याला आम्ही रेशीम म्हणतो. खडा तेलात बुडवला, खालून उजेड दिला, तिरका करत गेलो. रेशीम नाही. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वाकड्या रेघा आणि दोन गोल बुडबुडे. खाणीतल्या खड्यात वाढीची रेघ सरळ असते, कोनात वळते. गोलाई घेत नाही. हे व्हर्नोई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या रीतीचं माणिक, ज्योतीत पावडर वितळवून वाढवलेलं. ही रीत त्यानं १९०२ मध्ये जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत तसे खडे बाजारात आले. मोगोकच्या खाणींसाठी १८८९ मध्ये लंडनला कंपनी काढली होती. तिचा बाजारही याच मालानं बसवला.

आजींना सांगितलं. नातू लगेच मोबाइलमध्ये शिरला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग राजालाच कुणीतरी फसवलंन असेल."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. डांक जागची होती, म्हणजे कोंदण केलं तेव्हापासूनच हा खडा आत होता. दलालानं नवा फ्रेंच खडा राजाच्या नावावर खपवला, की राजाचा खरा स्वतःकडे ठेवून नव्या कोंदणात हा बसवला? थिबा म्हणत राहिला की त्याचं न्गामौक नावाचं राजघराण्याचं माणिक कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्यानं सांभाळायला म्हणून घेतलं आणि परत केलं नाही. ज्याचं तसलं माणिक गेलं, त्याच्या नावावर असले खडे विकायला कुणाला अवघड जाणार? माझ्या रिपोर्टात मात्र एकच ओळ बसते: कृत्रिम कोरंडम, म्हणजे माणिक ज्या खनिजाचं असतं ते, पण माणसानं बनवलेलं.

नातू म्हणाला, रिपोर्ट नको. मी तपासणीचे पैसे घेतले नाहीत, त्यावर शेजारच्या दुकानदारानं उगाच तोंड वाकडं केलं.

अंगठी परत जोडायला घेतली. ड्रॉवरमध्ये नवी डांक होती. घातली असती तर खडा दुप्पट खुलला असता. आजी म्हणाल्या, "होती तीच ठेवा."